जुना फोटो खरा कसा ठरवावा

सकाळी साडेसहाला घरच्या ग्रुपवर काकूंकडून फोटो येतो. अक्कलकोटचे स्वामी समर्थ, आणि खाली ओळ : ‘कोडॅक कंपनीच्या मालकाने स्वतः येऊन काढलेला दुर्मीळ फोटो.’ एखादा आगाऊ पुतण्या ‘कशावरून?’ म्हणालाच, तर तपासणी तुम्हीच हाती घ्या.

आधी एक पथ्य. मूळ प्रत मागायची नाही. ती हातात आली की कुणीतरी भिंग लावतो आणि छपाईचे ठिपके दिसतात, म्हणजे फोटो कॅलेंडरावरून उचललेला. दुसरा कुणी ती अतिनील दिव्याखाली धरतो. कागद निळसर उजळला की झाली पंचाईत, कारण कागद पांढराफेक दिसावा म्हणून घालायचं ते रसायन फोटोच्या कागदात आलं साधारण 1950 नंतर.

त्यापेक्षा मोबाइल बरा. कधी काढला, कशाने काढला, ही फोटोची कुंडली व्हॉट्सअ‍ॅपने आधीच पुसलेली असते. फॉरवर्ड होऊन होऊन चेहरा विरला असेल तर एआयला द्या. ते मूळ प्रतीत कधीच नसलेले पापण्यांचे केससुद्धा काढून देतं. ‘बघा, किती स्पष्ट!’ म्हणून तोच पुरावा.

तारखांच्या नादी मात्र लागू नका. स्वामींनी देह ठेवला 1878 मध्ये. ‘कोडॅक’ हे नाव नोंदवलं गेलं 1888 मध्ये. स्वामींनी देह ठेवला तेव्हा मालक जॉर्ज ईस्टमन अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरात बँकेत नोकरीला. कॅमेऱ्याचं सामान त्याने घेतलं होतं, नाही असं नाही. काचेला रसायन फासा, चांदीच्या द्रावणात बुडवा, ओली आहे तोवर फोटो घ्या आणि सुकायच्या आत अंधाऱ्या तंबूत धुवा, असा तो तंबूसकटचा संसार. पण तो घेतला होता सुट्टीत कॅरिबियन बेटांवरच्या सांतो दोमिंगोला जायला, आणि गडी तिथेही गेला नाही.

(‘भिऊ नकोस, मी तुझ्या पाठीशी आहे’ म्हणणाऱ्या स्वामींना रॉचेस्टरचा शिक्का कशाला हवा, असं मनात येईल. आलं तर काकूंना सांगू नका.)

पुतण्याने हे दहा वर्षांचं गणित मांडलंच, तर उत्तर तयार ठेवा : कंपनी पुढे निघणार हे स्वामींना आधीच ठाऊक होतं. एवढ्यानेही तो गप्प बसला नाही, तर सगळ्यांसमोर विचारा, ‘लग्नाचं काय ठरवलंयस?’