फुकट कर्ज, नावापुरता नफा आणि एक फॉरवर्ड

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड दर दोन-तीन महिन्यांनी फेरी मारून जातो. मजकूर थोडक्यात असा: इस्लाममध्ये व्याज हराम, म्हणून इस्लामी बँका फुकट कर्ज वाटतात; खरं तर त्या व्याजच घेतात, फक्त त्याला ‘नफा’ म्हणतात; अशी बंदी दुसऱ्या कुठल्याच धर्मात नाही; आणि रिझर्व्ह बँक आता हे भारतात आणतेय. फुकटही देतात आणि व्याजही घेतात, ही दोन्ही वाक्यं एकाच मेसेजात कशी, हे कुणी विचारत नाही.

फुकट कर्जाचं आधी बघू. कुराणातली सर्वांत लांब आयत (सूरह 2, आयत 282) कशाबद्दल आहे? उधारी लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, याबद्दल. तिच्या जरा आधीच म्हटलंय की मुद्दल तुमचंच आहे, आणि ऋणको अडचणीत असेल तर त्याला मुदत द्या. मुदत द्या, माफ केलंत तर आणखी चांगलं, पण ती धनकोची मर्जी. बिनव्याजी उसनवार, म्हणजे कर्ज-ए-हसना, असते. बँकेचा धंदा तिच्यावर चालत नाही.

‘नफा हे नुसतं नाव’ हा मुद्दा मात्र दमदार आहे. आणि जुनाही. 275व्या आयतीत विरोधकांचं हेच म्हणणं नोंदलंय: व्यापारही रिबासारखाच (रिबा म्हणजे उधारीवर किंवा अदलाबदलीत घेतलेली वाढ, थोडक्यात व्याज) तर आहे! त्यावर उत्तर, अल्लाहने व्यापार हलाल केला आणि रिबा हराम. मग फरक कुठे?

समजा, दुबईत एकाला 60,000 दिरहमची गाडी हवी आहे. इस्लामी बँक ती स्वतः विकत घेते आणि त्याला 69,600ला विकते, 1,450चे 48 हप्ते. याला मुराबहा म्हणतात. शेजारच्या व्याजी बँकेचा हप्ताही साधारण एवढाच निघेल, मान्य. पण इथे विक्रीआधी गाडी बँकेच्या मालकीची व्हावी लागते. त्या अवधीत ती ठोकली गेली तर भुर्दंड बँकेला. हप्ता थकला तरी किंमत 69,600च राहते. उशिराचा दंड लावलाच, तर तो नियमाप्रमाणे दानात जातो, बँकेच्या कमाईत नाही.

शेवटी आकडा तोच ना, असं कुणी म्हणेल. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहात, त्यांचे सहकारी बिलाल यांची गोष्ट येते. त्यांनी दोन मापं हलका खजूर देऊन एक माप चांगला आणला. पैगंबर म्हणाले, हाच तर रिबा. हलका विक आणि त्या पैशातून चांगला घे. हातात पडणारा खजूर कदाचित तेवढाच, पण मधे बाजारभाव येतो.

फॉरवर्डवाल्याला इथे अर्धे गुण द्यायलाच हवेत. तवर्रुक नावाच्या प्रकारात बँक तुम्हाला धातू उधारीवर विकते आणि तुमच्याच वतीने लगेच रोखीत विकून टाकते. धातू कुणी पाहतही नाही. हे माझ्या मते सरळ सोंग आहे. 2009 मध्ये आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह (धर्मकायदा) अकादमीनेही बँकांचा हा संघटित प्रकार नामंजूर केला. म्हणजे टीका आतूनच झालीय.

‘दुसऱ्या कुठल्याच धर्मात नाही’ हे तर चक्क चूक. ज्यूंच्या तोरा या धर्मग्रंथात भावाकडून व्याज घेऊ नये असं आहे, परक्याकडून चालतं. 1179च्या चर्चच्या लॅटरन परिषदेने उघड सावकारी करणाऱ्याला ख्रिस्ती दफन नाकारलं. आपल्याकडे सरसकट बंदी नव्हती, पण लगाम होता: दामदुप्पट, म्हणजे एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलाहून जास्त नाही. मुंबई इलाख्यातल्या कोर्टांनीही हा नियम मानला. आज हा शब्द ऐकला की आपल्याला पैसे दुप्पट करून देणारी योजना आठवते!

राहिली रिझर्व्ह बँक. 2008 मध्ये रघुराम राजन समितीने बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती, 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेने तो विषय पुढे न नेण्याचं ठरवलं. कायद्याचीही अडचण आहे: 1949च्या बँकिंग कायद्याचं कलम 8 बँकेला मालाची खरेदी-विक्री करू देत नाही, म्हणजे वरची गाडीच अडकली. त्यामुळे इथल्या बचत खात्यावर तिमाहीला व्याज जमा होतंच. ते वापरायचं नाही असं ठरवलेले अनेक मुसलमान ती रक्कम मोजून बाजूला काढतात आणि सवाबची (पुण्याची) अपेक्षा न ठेवता गरजूला देऊन टाकतात.