पाच वर्षे वाया कशी घालवावीत

नव्या फ्लॅटचा ताबा मिळाल्याबद्दल प्रथम अभिनंदन. वास्तुशांत झाली, पेढे वाटून झाले, हॉलच्या भिंतीवर मोठा टीव्ही लागला, आणि आता त्याच टीव्हीच्या मागून एक ओली रेघ खाली उतरू लागली आहे. घाबरण्याचं कारण नाही. बिल्डर आणि घर घेणारा यांच्या व्यवहारावर लक्ष ठेवणाऱ्या २०१६च्या रेरा कायद्याच्या कलम १४(३)नं तुम्हाला ताब्यापासून ५ वर्षं देऊन ठेवली आहेत. एवढ्या काळात बांधकामात, कारागिरीत, मालाच्या दर्जात दोष दिसला आणि तो तुम्ही बिल्डरच्या नजरेस आणलात, तर त्यानं तो ३० दिवसांत, एक पैसा न घेता दुरुस्त करून द्यायचा. नाही दिला तर भरपाई. ५ वर्षं म्हणजे थोडाथोडका काळ नव्हे. तो अंगाला काही लागू न देता घालवायला नियोजन लागतं.

नियोजनाची सुरुवात ताब्याच्या दिवशीच करावी. बिल्डरच्या ऑफिसात तुमच्यापुढे कागदांची चळत येते. त्यातल्या एकावर साधारण असं छापलेलं असतं, की फ्लॅट पाहिला, काम समाधानकारक आहे, माझी कोणतीही तक्रार नाही व पुढेही राहणार नाही. तो वाचत बसू नका. मुहूर्त टळतोय, गुरुजी खोळंबलेत, सही करा. बरोबर आलेला मेव्हणा नाण्यानं फरशी वाजवून पाहू लागला तर त्याला पेढा द्या आणि गॅलरीतला व्ह्यू दाखवायला न्या. चार फरश्या पोकळ वाजल्या की माणसाला उगाचच ‘खालील त्रुटी नोंदवून ताबा घेत आहे’ असं लिहावंसं वाटतं, आणि मग पुढची ५ वर्षं तो कागद बिल्डरच्या फाइलमध्ये ठणकत राहतो.

भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला, ज्याला सगळे ओसी म्हणतात, तेही मागू नका. ‘ओसी येतेय साहेब, फक्त सहीला आहे,’ एवढ्यावर लोकांनी संसार केले आहेत. मुंबईच्या एका सोसायटीला १९९७ पासून ताबा होता आणि ओसी नव्हती; रहिवासी २५ टक्के जादा मालमत्ता कर आणि ५० टक्के जादा पाणीपट्टी भरत होते. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की ओसी न मिळवणं ही सेवेतली त्रुटी आहे आणि ती चूक रोज नव्यानं चालू राहते, म्हणून मुदत संपली असं बिल्डरला म्हणता येणार नाही. असले निकाल वाचून कुणी तुम्हाला चिथावू लागलं, तर विषय पार्किंगवर न्या. सोसायटीत पार्किंगवर आलेला विषय परत मूळ मुद्द्यावर येत नाही.

आता ओल. ओलीची तक्रार नेहमी तोंडी करावी. साइट इंजिनिअरचा नंबर असतोच. जुलैत फोन केलात तर तो म्हणेल, ‘भर पावसात कसं काम करणार? उघडीप मिळू दे, माणूस पाठवतो.’ हे पटण्यासारखं आहे, पटवून घ्या. ऑक्टोबरात म्हणेल, ‘दिवाळीत लेबर गावाला गेलंय.’ जानेवारीत म्हणेल, ‘भिंत आधी नीट सुकू द्या.’ एप्रिलमध्ये तो स्वतः येईल, भिंतीवर तळहात ठेवेल आणि प्रेमानं विचारेल, ‘कुठे आहे ओल?’ तुम्हालाही दिसणार नाही. तो चहा घेऊन जाईल. मे महिन्यात गवंडी येऊन पोपडे खरवडेल, पुट्टी मारेल, वरून रंगाचा एक हात देईल, आणि तुम्ही ग्रुपवर हात जोडलेली चित्रं टाकाल. असं एक चक्र म्हणजे एक वर्ष. पाच चक्रं झाली की कायद्याचा तगादा आपोआप मिटतो. या सगळ्यात एक ईमेल किंवा पोचपावतीचं एक पत्र गेलं, तर मात्र तारीख कागदावर येते आणि ३० दिवस मोजता येऊ लागतात. हा मोह टाळा. एवढी वर्षं ज्याच्याशी ‘दादा, दादा’ म्हणून बोललो त्याला नोटीस पाठवायची, हे आपल्यात बसत नाही.

करारनाम्याचं वाचन हा वेगळा आनंद आहे. पुण्यातल्या अनेक करारनाम्यांत एक कलम भेटतं: तापमानात २० अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक पडल्यामुळे भिंतींना येणाऱ्या बारीक भेगा म्हणजे दोष नव्हे. पुण्यात जानेवारीची पहाट आणि एप्रिलची दुपार यांत एवढा फरक पडणारच, म्हणजे भेगेची जबाबदारी वेधशाळेकडे गेली. (कॉलम-बीमची भेग यात येत नाही, पण ती बात वेगळी, आणि कॉलम कुठला नि भिंत कुठली हे प्लास्टरच्या वरून कुणाला कळतंय?) त्याच पानावर असंही असतं, की बिल्डरच्या लेखी संमतीशिवाय बाथरूममध्ये फेरबदल केलात तर दुरुस्तीची हमी आपोआप रद्द. तेव्हा ताबा मिळताच पहिल्या आठवड्यात बाथरूमची फरशी उखडून मनासारखी बसवून घ्या. खालच्या घरात पाणी टपकू लागलं, की बिल्डरला बोट दाखवायला तुम्ही सापडायला हवेत. एकतर्फी कलमं म्हणजे अनुचित व्यापारी प्रथा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये म्हटलेलं आहे. असेल. पण आपण सही केली आहे ना, मग शब्द पाळावा.

पुरावा नष्ट करण्याचं काम स्वखर्चानं करावं. आधी फोटो काढणं, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावून अहवाल घेणं, खर्चाचा अंदाज लिहून घेणं, असली रटाळ कामं वकिलांना आवडतात. तुम्ही सरळ कोपऱ्यावरच्या वॉटरप्रूफिंगवाल्याला गाठा. तो १० वर्षांची गॅरंटी देतो, बिल देत नाही. दोष गेला, पुरावा गेला, पैसे गेले. घर मात्र हसतंय.

एवढं करूनही कुणी शेजारी ‘चला, एकत्र तक्रार करू’ म्हणून दार वाजवेल. त्याला एकच वाक्य ऐकवा: ‘बिल्डिंगचं नाव खराब झालं तर रेट पडेल.’ मजल्यामजल्यावर हे वाक्य पोचलं की चाळीस फ्लॅटमधली चाळीस गळकी बाथरूमं ज्याची त्याची खासगी बाब होऊन जातात.

तरी कुठे जायचं याची चर्चा करायला हरकत नाही, चर्चेत वेळ चांगला जातो. महारेराकडे, म्हणजे रेरा कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, ऑनलाइन अर्ज, ५,००० रुपये फी, वकील सक्तीचा नाही. ग्राहक आयोगाकडे जायचं तर घरासाठी मोजलेली रक्कम पाहायची: ५० लाखांपर्यंत जिल्हा, २ कोटींपर्यंत राज्य, त्यावर राष्ट्रीय. मात्र तिथे तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांत जावं लागतं. रेरा आल्यानं ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे २०२०च्या निकालानं स्पष्ट झालं आहे. तेव्हा दोन्हींतलं कोणतं चांगलं यावर तीन वर्षं काथ्याकूट करा. दोन्हींतलं एक आपोआप गळेल आणि निवड सोपी होईल. दरम्यान महारेराचा सलोखा मंचही आहे, तिथे ग्राहक संघटना आणि बिल्डर संघटना यांचे प्रतिनिधी दोघांना समोरासमोर बसवतात. तिथे लगेच तडजोड झाल्याची उदाहरणं आहेत, म्हणून जपून.

आणि समजा, नजर चुकवून तुम्ही जिंकलातच, तर मन मोडून घेऊ नका. भरपाईचा आदेश झाला तरी बिल्डरनं पैसे दिले नाहीत, तर ते जमीन महसुलाच्या थकबाकीसारखे वसूल करायचे असतात. म्हणजे वसुलीचं वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे, तिथून तहसीलदारांकडे. तहसीलदारांना निवडणूक असते, पंचनामे असतात, पूर असतो. तुमचं वॉरंट कपाटात सुरक्षित असतं, आणि खरं सांगायचं तर त्या कार्यालयाच्या भिंतीलाही ओल असते. इथे पाठपुरावा करणारी माणसं दर पंधरवड्याला तहसील कचेरीत जाऊन बसतात आणि पैसे घेऊन येतात. त्यांच्या नादी लागू नका.

पाचवं वर्ष संपलं, की फ्लॅट विकायला काढा. आता कायदा तुमच्यासाठी जुना होतो, थेट १८८२चा. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ म्हणतं, की विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या काळजीनं न दिसणारा महत्त्वाचा दोष विकणाऱ्यानं सांगितलाच पाहिजे. दडवला तर ती फसवणूक. आणि फसवणुकीत दाव्याची मुदत ती उघडकीस आल्यापासून मोजतात. तुम्हाला ओल माहीत आहे, इंजिनिअरला माहीत आहे, सोसायटीच्या इतिवृत्तात तुमच्याच सहीचा तक्रार अर्ज डकवलेला आहे. म्हणून जाहिरात एप्रिलमध्ये द्या. ‘नुकतेच रंगकाम केलेले’ असं ठळक छापा. त्या भिंतीला गोदरेजचं कपाट टेकवा आणि वर गणपतीचा फोटो लावा. घेणारा बरोबर मेव्हण्याला घेऊन आला तर त्याला गॅलरीतला व्ह्यू दाखवा. सेक्रेटरींना भेटायचं म्हणाला, तर ते गावाला गेलेत.