मुस्तांगातलं माळवद

परवा एका गप्पांत नेपाळचा विषय निघाला. एक जण म्हणाले, "तापमान वाढलंय, मान्य. पण पाऊस तर तेवढाच पडतोय ना? मग एवढा गहजब कशाला?" तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून आज लिहितेय.

आकडे त्यांचेच बरोबर. नेपाळच्या हवामान खात्याने १९७१ ते २०१४ च्या नोंदी जिल्हावार तपासल्या. दिवसाचं कमाल तापमान वर्षाला ०.०५६ अंशाने चढलंय. चव्वेचाळीस वर्षांचे जवळजवळ अडीच अंश झाले, आणि तराईच्या सखल पट्ट्यापेक्षा वर डोंगरात जास्त. वर्षाच्या एकूण पावसात मात्र देशभराचा असा ठाम कल दिसत नाही.

पण मी नेपाळच्या मुस्तांग जिल्ह्यातल्या कागबेनी गावातलं एक छप्पर पाहिलंय.

मुक्तिनाथला जाताना आम्ही तिथे एका घरी उतरलो होतो. पोखराजवळच्या लुम्लेला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आपल्या महाबळेश्वरच्या तोडीचा. अन्नपूर्णेच्या डोंगररांगेपाठीमागे, कागबेनीजवळच्या जोमसोमला तीनशेच्या आसपास. त्यामुळे मुस्तांगातली घरं मातीची, वर सपाट धाबं, कडेने जळणाची लाकडं रचलेली. मी बार्शीकडची. माझं बालपण माळवदाच्या घरात गेलंय, त्यामुळे शिडी चढून वर गेले आणि एकदम घरी आल्यासारखं वाटलं. घरमालकीण आमा भेगांत ओली माती दाबून बसवत होत्या. एका कोपऱ्यावर निळी ताडपत्री होती, वाऱ्याने उडू नये म्हणून वर दगड. त्या म्हणाल्या, "बर्फ पडला की फावड्याने खाली ढकलायचा, झालं. पाणी कसं ढकलणार?"

हे छप्पर कोरड्या बर्फासाठी बांधलेलं आहे. तेच पाणी बर्फाऐवजी पाऊस होऊन पडलं, तर वर्षाच्या बेरजेत काहीच हलत नाही आणि घरात मात्र पातेली मांडावी लागतात. बर्फ डोंगरावर साठून उन्हाळ्यात हळूहळू ओढ्याला यायचा. पाऊस त्याच दिवशी वाहून जातो. वरच्या मुस्तांगातलं साम्जोंग गाव पाण्याअभावी उठून दुसरीकडे बसलं. आणि याच कागबेनीत १३ ऑगस्ट २०२३ ला ओढा गाळ घेऊन गावात शिरला.

वेळेचंही तेच. ऑक्टोबर २०२१ मध्ये दसरा होऊन गेला होता, पश्चिम नेपाळात भात कापून शेतात पडलेलं, आणि तीन दिवस पाऊस कोसळला. कापणीच्या तोंडावरचा अवकाळी काय करतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस काठमांडूच्या विमानतळावर २४ तासांत जवळपास २४० मिलिमीटर झाला. त्या दोन-तीन दिवसांत देशात दोनशेच्या वर माणसं गेली. वर्षाच्या सरासरीत हे सगळं विरघळून जातं.

म्हणून मला मनापासून वाटतं, डोंगराळ देशाबद्दल बोलताना "एकूण पाऊस" हा आकडा एकटा सांगूच नये. बर्फ किती, पाणी किती, कोणत्या महिन्यात, किती तासांत, हे सोबत सांगा. आणि त्यासाठी उंचावर मोजणारी केंद्रं वाढवा. आज बहुतेक केंद्रं खोऱ्यांत आणि खालच्या उंचीवर आहेत, आणि तापमान जास्त वाढतंय ते वर.

निघताना आमांनी विचारलं, तुमच्याकडे धाबं गळलं की काय करता? मी म्हटलं, पावसाळ्याआधी वर पांढरी माती टाकायचो. त्यांनी ती माती कशी असते, चिकट की भुसभुशीत, सगळं खोदून विचारलं. आमच्या घरावर पत्रे येऊन तीस वर्षं झाली, हे काही मला त्यांना सांगवलं नाही.