आईची पाळी कधी गेली, हे ताईला माहीतच नव्हतं

रविवारी रात्री साडेनऊला ताईचा न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळचे अकरा. आई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि ताईने एकदम विचारलं, "आई, तुझी पाळी कोणत्या वर्षी गेली गं?"

आईचा हात थांबला. "काहून गं?" म्हणाली, आणि जावई आसपास नाहीत ना, हे आधी विचारून घेतलं.

दीड वर्षापासून ताईला धड झोप नाही. मध्यरात्री छातीतून वाफ उठते, मान-पाठ घामाने भिजते आणि पाच मिनिटांनी त्याच ओल्या कपड्यांत हुडहुडी भरते. सांधे धरतात. साधं भाजीचं नाव आठवलं नाही तरी रडू येतं. वय ४८. पहिल्या डॉक्टरने 'अजून वेळ आहे, ताण असेल' म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आईची कधी थांबली? ताईला सांगता येईना.

अमेरिकेत पाळी जायचं सरासरी वय ५१-५२ धरतात. भारतात ते ४६-४७ च्या आसपास आहे. तिकडे १९९६ पासून याच विषयावर 'स्वॅन' नावाचा मोठा अभ्यास चालला, ३३०० बायकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. गोऱ्या, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, चिनी, जपानी, असे गट होते. भारत, पाकिस्तान, बांगलादेशकडच्या बायकांचा गटच नव्हता. हे वाचलं तेव्हा मला फार लागलं.

पण खरं सांगू, त्याहून जास्त राग मला आपलाच येतो. मला मागच्या वर्षी त्रास सुरू झाला तेव्हा मी भिशीत बोलले. तिथल्या तिथे चौघी सुरू झाल्या, कोणाला कशाने बरं वाटलं, हाडांची तपासणी कुठे करायची, सगळं. लाजत का होईना, पण इथे कोणीतरी सांगणारी भेटते. ताई पंचविसाव्या वर्षी, २००२ मध्ये, नवऱ्यामागे एच-फोर व्हिसावर गेली. एमएस्सी झालेली पोरगी, पण नोकरीला बंदी. भाऊजींची नोकरी बदलली की ग्रीन कार्डचे कागद परत पहिल्यापासून. २०१५ मध्ये अशा काही बायकांना कामाची परवानगी मिळाली, तोवर तिची चाळिशी जवळ आली होती. आता कुठे नोकरीत रुळली, लेक कॉलेजला गेली, घर रिकामं झालं, आणि नेमकं आता शरीर साथ देईना.

आणि आपण तिला फोनवर काय विचारतो? बर्फ पडला का, लेकीचं कसं चाललंय, आईला भेटायला केव्हा येतेस. मीही हेच विचारत आले. ती थकल्यासारखी दिसली तर "तिकडे मशीनवर सगळी कामं होतात, तुला काय कमी" असं मी स्वतः म्हटलंय. तिच्या अंगात काय चाललंय, हे एकदाही विचारलं नाही.

आईने शेवटी सांगितलं. "तुझ्याकडेच होते ना मी तेव्हा. २००५. तुझ्या बाळंतपणाला."

फेब्रुवारीची थंडी, बाहेर गुडघाभर बर्फ. तान्ह्या बाळाला वारा लागू नये म्हणून आई रात्री खोलीचं दार ओढून घ्यायची आणि मागच्या दाराची फट उघडून एकटीच उभी राहायची. डिंकाचे लाडू वळताना घाम निथळायचा. सहा महिने तिने हे कोणाला कळू दिलं नाही.

ताई कितीतरी वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "मी पाहिलं होतं गं तुला दारात. मला वाटायचं, तुला घराची आठवण येते."

दुसऱ्या दिवशी आई माझ्याबरोबर बर्डीवर, नागपूरच्या बाजारात आली. तीन दुकानं फिरली, कापड बोटांत चुरून पाहिलं, आणि ताईसाठी मऊ सुती गाऊन घेतले, चार. आमच्या गल्लीतला एक मुलगा पुढच्या आठवड्यात तिकडे चाललाय, त्याच्या बॅगेत जातील.