1987 चा बॉक्स, 612 कार्डं आणि तुमचे आक्षेप

मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. थोडक्यात ती अशी: टॉप्स या अमेरिकी कंपनीचा 1987 चा बेसबॉल खेळाडूंच्या कार्डांचा, बंद पाकिटांनी भरलेला बॉक्स नवख्यांनी फोडायला उत्तम, असं लिहिणं म्हणजे लोकांना रद्दी विकत घ्यायला लावणं. जवळजवळ चाळीस वर्षांपूर्वीचं पाकीट खरोखर सीलबंद आहे हे कोण सांगणार? सेटच, म्हणजे त्या वर्षाची सगळी कार्डं, हवा तर कंपनीनेच भरून विकलेला आख्खा फॅक्टरी सेट घ्यावा, जुगार कशाला? आणि अदलाबदल हे नवख्याला गंडवण्याचं गोंडस नाव आहे. जाता जाता तुम्ही हेही लिहिलंत, की तुमच्याकडे 1980 चं सेलो पाकीट (पारदर्शक सेलोफेनचं) आहे, वरूनच रिकी हेंडरसन या खेळाडूचं कार्ड दिसतं, आणि ते तुम्ही कधीच फोडणार नाही. त्या पाकिटाकडे शेवटी येऊ.

आधी रद्दी. पैशाच्या हिशेबात तुमचं म्हणणं खोटं नाही. साधारण 1986 ते 1993 च्या मालाला अमेरिकेतले संग्राहक स्वतःच ‘जंक वॅक्स’ म्हणतात (वॅक्स म्हणजे मेणकागदाची पाकिटं). 1981 मध्ये टॉप्सच्या शेजारी फ्लीअर आणि डॉनरस उभे राहिले, 1988 मध्ये स्कोअर आलं, 1989 मध्ये अपर डेक. सगळ्यांनी छापखाने सुसाट सोडले आणि घेणाऱ्यांनी पेट्याच्या पेट्या माळ्यावर टाकल्या, कारण मिकी मँटल या खेळाडूचं 1952 चं कार्ड किती महाग झालं ही गोष्ट तोवर सगळ्यांना पाठ झाली होती. त्या गोष्टीचा अर्धा भाग मात्र विसरला गेला. मँटल महाग झाला, कारण त्याच्या पिढीतली कार्डं पोरांनी सायकलच्या चाकांत अडकवली, आयांनी फेकून दिली, आणि टॉप्सच्या साय बर्जरने सांगितल्याप्रमाणे न खपलेला साठा 1960 मध्ये बार्जवर लादून समुद्रात बुडवण्यात आला. 1987 चं कार्ड कुणी फेकलंच नाही. बॅरी बाँड्स या नावाजलेल्या खेळाडूचं 320 नंबरचं सुटं कार्ड आजही थोडक्या डॉलरांत मिळतं, आणि ते ग्रेडिंगला (स्थिती तपासून दर्जा ठरवून घ्यायला) पाठवायची फी बहुतेक वेळा त्याहून जास्त पडते. तेव्हा ‘फोडा आणि कमवा’ असा अर्थ त्या लेखातून निघत असेल तर तो मागे घेतो.

पण जुगार? 1987 च्या पाकिटात खेळाडूची सही केलेलं किंवा 25 पैकी 1 असा नंबर टाकलेलं कार्ड निघत नाही. आत काय असू शकतं ते विकत घेण्याआधीच माहीत असतं. एका पाकिटात 17 कार्डं आणि एक च्युइंगमची पट्टी, बॉक्समध्ये 36 पाकिटं, म्हणजे 612 कार्डं. सेट 792 चा. बॉक्स कितीही नशीबवान असला तरी सेट पुरा होणारच नाही, आणि माझ्या मते या बॉक्सची खरी गंमत इथेच आहे.

हिशेब मांडून बघा. कार्डं पूर्ण सरमिसळ झालेली धरली तर पहिल्या बॉक्समधून सुमारे 425 वेगवेगळी कार्डं हाती लागतात, उरलेली दुबार. दुसरा बॉक्स फोडला की जवळजवळ 200 नवी. तिसऱ्यात 90 च्या आसपास, चौथ्यात जेमतेम 40. प्रत्यक्षात सरमिसळ इतकी चांगली नसते. टॉप्स तेव्हा 132 कार्डांच्या तावांवर छापायचं, 6 ताव म्हणजे बरोबर 792. कापलेली कार्डं यंत्रातून ठरावीक क्रमाने पाकिटांत जायची. त्यामुळे एखाद्या बॉक्समध्ये दुबार फारच कमी निघतात, तर एखाद्यात एकच माणूस चार वेळा भेटतो. काही झालं तरी दुसऱ्या बॉक्सनंतर पाकिटं फोडणं परवडत नाही. तिथून पुढे अदलाबदल. ज्याच्याकडे तुमच्यासारखेच दोन बॉक्स फोडून झालेत, त्याची दुबार आणि तुमची दुबार सहसा वेगळी असतात.

फॅक्टरी सेट घेण्यात गैर काही नाही. ज्याला 792 कार्डं कपाटात हवीत, त्याने तोच घ्यावा. पण ज्याला उद्या 1975 चा जॉर्ज ब्रेट किंवा 1956 चं काही घ्यायचं आहे, त्याचा हात आणि डोळा कुठेतरी बसायला हवा. चूक झाली तरी ज्याचं दुःख होणार नाही अशी 612 कार्डं एकाच वेळी समोर येणं, ही शिकायची फार स्वस्त सोय आहे. 1987 च्या कार्डाला लाकडी फळीसारखी तपकिरी किनार आहे. त्या रंगावर दबलेला कोपरा पांढरा चमकतो, लपत नाही. सेंटरिंग, म्हणजे चित्र कार्डाच्या किती मधोमध छापलंय ते, शिकायलाही तीच किनार उपयोगी: डावीकडची किनार 3 मिलिमीटर आणि उजवीकडची 2 भरली तर ते कार्ड 60/40 झालं. सर्वात वरच्या ग्रेडसाठी समोरून 55/45 च्या आसपास लागतं. पन्नास कार्डं पट्टी लावून मोजली की एक्कावन्नाव्याला पट्टी लागत नाही.

आता तुमचा सर्वात वजनदार आक्षेप. लेखात ‘सीलबंद’ हा शब्द तीन ठिकाणी फार सैल वापरला होता. मेणकागदाचं पाकीट म्हणजे काही तिजोरी नव्हे. कागदाच्या घड्या उष्णतेने मेण वितळवून चिकटवलेल्या असतात. कोमट इस्त्री असलेला कुणीही त्या उघडून परत चिकटवू शकतो. जपून ठेवण्यासारखं कार्ड काढून घ्यायचं, जागी फुटकळ कार्ड सरकवायचं, झालं. म्हणून घड्या बघायच्या. कारखान्यातल्या यंत्राची घडी सगळ्या पाकिटांवर एकाच जागी पडते आणि मेणाचा थर सपाट, सारखा असतो. परत चिकटवलेल्या पाकिटावर घडीजवळ जास्त चकाकणारा पट्टा, कागदाला सूक्ष्म सुरकुती, कुठे गोंदाचा पिवळा ठिपका, किंवा जुन्या घडीची रेघ नव्या घडीच्या बाजूला एखाद मिलिमीटर सरकलेली दिसते. एकट्या पाकिटाकडे बघून हे कळणं कठीण. त्याच बॉक्समधली दहा शेजारी ठेवली की वेगळं पाकीट आपोआप उठून दिसतं.

फोडल्यावरही पुरावा मिळतो. मेणाचा आणि गमचा डाग कडेच्या कार्डांवर असायला हवा, कारण कागद आणि गम त्यांनाच टेकलेले असतात. पाकिटाच्या मधल्या कार्डावर गमच्या पट्टीची चौकट उमटलेली सापडली, तर ती गड्डी कुणीतरी आधीच पिसलेली आहे.

यातून दोन व्यवहारी गोष्टी निघतात. सुटी पाकिटं घेऊ नका. कार्डांचा क्रम ठरावीक असल्यामुळे बॉक्समधली काही पाकिटं फोडली की बाकीच्यांत काय असेल याचा जाणकाराला बराच अंदाज येतो, आणि विक्रीला येतात ती ‘बाकीची’. दुसरं, जुना आणि महाग बॉक्स घ्यायचा तर इंडियानातल्या बेसबॉल कार्ड एक्स्चेंजसारख्या ठिकाणी तपासून त्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला घ्यावा. त्यातही ‘पेटीतून थेट काढलेला’ (म्हणजे अनेक बॉक्सांच्या बंद पेटीतून) असा शेरा असेल तर अधिक बरं. मात्र तपासणी म्हणजे देवाचा कौल नाही. यूट्यूबवरच्या लोगन पॉलने 35 लाख डॉलर मोजून घेतलेली पोकेमॉन कार्डांची पेटी बाहेरून तपासून प्रमाणित केलेली होती. 2022 च्या सुरुवातीला उघडली तर आत जी. आय. जो या भलत्याच मालिकेची कार्डं. बंद पुठ्ठ्याच्या आरपार कुणालाच दिसत नाही. 1987 च्या टॉप्सबद्दल ही धास्ती कमी, ती याच कारणाने की बाँड्ससाठी 36 पाकिटं इस्त्री करण्याइतका वेळ कोणाकडे नाही. रद्दी असण्याचा हा एक फायदा.

फोडण्याची पद्धत लेखात उरकली होती, ती नीट सांगतो. हात धुऊन पूर्ण कोरडे करा, क्रीम लावलेलं नको. पाकीट पालथं धरून मागची लांब घडी अंगठ्याने सैल करा. टोकाच्या घड्या ओढल्या की कागद कोपऱ्यांत घुसतो. कागद उघडला की गड्डी लगेच पंख्यासारखी पसरायची नाही. गम इतक्या वर्षांत काचेसारखा ठिसूळ झालेला असतो आणि त्याची साखरी पूड कार्डांच्या मध्ये गेलेली असते. सरकवलं की ओरखडे. गड्डी उभी धरून हलकेच आपटा, पूड झाडा, मग एकेक कार्ड वरून उचला. गम खाऊ नका, पोरांनाही देऊ नका. समोरच्या गुळगुळीत बाजूला लागलेलं मेण जुन्या नायलॉनच्या मोज्याने हलके गोल फिरवून निघतं. मागच्या करड्या पुठ्ठ्यात मुरलेलं मेण निघत नाही. नखाने खरवडलं तर छपाईसकट निघतं. बॉक्सच्या तळाशीही कार्डं छापलेली आहेत. ती कात्रीने कापायचा मोह आवरा, तळ अख्खा राहू द्या.

चकाकत्या थराची कार्डं, उदाहरणार्थ टॉप्सचंच 1991 चं स्टेडियम क्लब, वेगळं दुखणं देतात. दमटपणा लागला की गड्डीचा एकच ठोकळा होतो. तो सोलायचा नाही. दोन्ही हातांत धरून अगदी किंचित मागेपुढे वाकवायचा, ‘टक्’ असा आवाज आला की वरचं कार्ड बाजूला सरकवून काढायचं. तरी काहींचा रंग शेजाऱ्याला चिकटून जातोच. अमेरिकेतून मुंबईत किंवा कोकणात कार्डं आणणाऱ्यांनी जुलैत असे बॉक्स फोडूच नयेत, आणि हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावेत. 1980 च्या दशकातली पीव्हीसीची पानं असलेले अल्बम वारशात मिळाले तर कार्डं त्यातून आजच बाहेर काढा. ते प्लास्टिक चिकट होत जातं आणि छपाई ओढून घेतं. पॉलिप्रॉपिलिनची नऊ खणांची पानं चालतात.

राहिली अदलाबदल. गंडवलं जातं हे खरं, पण ते जिथे भाव तोंडी ठरतो तिथे. विक्रेत्याने मागितलेली किंमत हा भाव नाही. ईबेवर प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या नोंदी बघायच्या, त्याही त्याच स्थितीतल्या कार्डाच्या. साधी कार्डं एकास एक, मोजून. नावाजलेली असतील तर विकलेल्या भावाने बरोबरी करायची आणि फरक साध्या कार्डांत भरायचा. हवी असलेल्यांची यादी नंबरांनी करा, नावांनी नको. आणि सेटमधल्या चेकलिस्ट कार्डांवर पेनाने टिक करू नका, तीही सेटची कार्डं आहेत. मार्क मॅग्वायर या खेळाडूचं 366 नंबरचं कार्ड ‘रूकी’ (खेळाडूचं पहिलं कार्ड) म्हणून चढ्या भावाने पुढे करणारे भेटतील. त्याचं पहिलं टॉप्स कार्ड 1985 च्या सेटमध्ये आहे, ऑलिम्पिक संघातलं 401. एवढं वाक्य शांतपणे लिहिलं की सौदा आपोआप सरळ होतो. ओळख नसलेल्या दोघांत नव्या माणसाने आधी पाठवायचं, हा जुना रिवाज आहे आणि त्यात अपमान काही नाही.

पाठवताना कार्ड आधी पातळ पिशवीत, मग टॉपलोडरमध्ये (वरून उघडं असलेलं कडक प्लास्टिकचं पाकीट), वरचं तोंड रंगाऱ्याच्या निळ्या चिकटपट्टीने बंद. साधी पारदर्शक टेप काढताना कार्ड सुरीने कापलं जातं. टॉपलोडर नुसत्या कागदी लिफाफ्यात टाकला तर टपालाच्या छाननी यंत्रात अडकतो. रबरबँड कधीच नाही. एकदा लावलेल्या रबराची खाच कार्डाच्या कडेवर कायम राहते. बिग फन बबलगमची क्रिकेटची चित्रं कुणी जपली असतील तर ही खाच त्यांनी पाहिलेली असणारच.

आता तुमचं सेलो पाकीट. 1980 चा हेंडरसन 482 नंबरचा, त्याचं पहिलं कार्ड, आणि सेलोमध्ये वरचं कार्ड बाहेरून दिसतं. नेमक्या याच कारणाने असं पाकीट बनवणाऱ्याला एक सुटा हेंडरसन, थोडी साधी कार्डं आणि प्लास्टिकचा रोल एवढंच भांडवल लागतं. पाकीट पालथं करून मागे उभा सांधा आहे का बघा. कारखान्याच्या सेलोफेनला मागे एक जोड असतो आणि दोन्ही टोकं पाकिटासारखी दुमडून उष्णतेने चिकटवलेली असतात. कागद पातळ, कडक, कुरकुरणारा. सांधाच नाही, टोकांना दुमड नाही, प्लास्टिक सगळीकडून ताणून बसलंय आणि कुठे टाचणीएवढी हवेची भोकं दिसताहेत, तर ते दुकानातलं श्रिंकरॅप आहे. दिवा बाजूने धरून मागच्या बाजूचा आणि दोन्ही टोकांचा फोटो काढा आणि इथेच खाली टाका. लेखातला ‘सीलबंद’ तिन्ही ठिकाणी बदलून ‘न फोडलेला म्हणून विकला जाणारा’ असं केलं आहे.