आधी आलेल्यांची सवलत

मागच्या रविवारी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक पत्र फिरलं. आमची म्हणजे पुण्यात सिंहगड रस्त्याला, नांदेड गावाच्या हद्दीत असलेली सोसायटी. मी राहते कॅलिफोर्नियात, पण तिथे आठव्या मजल्यावर माझा फ्लॅट आहे आणि सहाव्यावर माझा मावसभाऊ राहतो. पत्राचा आशय एका ओळीचा : महापालिका पाणी देत नाही, तोवर आम्ही मिळकतकर भरणार नाही. सगळ्या सभासदांनी सह्या केल्या, मी केली नाही. रात्री भावाचा मेसेज आला, ‘ताई, तू तिकडे नळाचं पाणी पितेस. आम्हाला शहाणपण शिकवू नकोस.’

त्याचा राग खोटा नाही. जून २०२१ च्या अखेरीस २३ गावं पुणे महापालिकेत आली आणि शहर क्षेत्रफळाने मुंबईपेक्षा मोठं झालं. पाणी मात्र टँकरचंच राहिलं. २०२५ च्या जानेवारीत जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची) साथ पसरली ती याच पट्ट्यात. नांदेड, किरकटवाडी, धायरी ही नावं मी इथे बातम्यांत वाचत होते आणि रोज फोन करून एवढंच विचारत होते, ‘पाणी उकळलंस ना?’

तरीही त्या पत्रातला हिशेब मला पटत नाही. कर थांबवला तर पाइप टाकायला पैसा कुठून येणार?

महापालिकेकडे स्वतःचं असं उरलंय काय? जकात गेली, तिच्या जागी एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला आणि गेला. २०१७ पासून जीएसटीच्या भरपाईसाठी राज्याच्या तोंडाकडे बघायचं. हातात राहिला मिळकतकर आणि बांधकाम परवानगीचं शुल्क. त्यातल्या मिळकतकरावर प्रत्येक सरकार सवलती वाटतं. पुण्यात स्वतःच्या घरात राहणाऱ्यांची ४० टक्क्यांची जुनी सवलत मध्ये बंद झाली होती, ती २०२३ मध्ये परत आली. त्याच्या आदल्या वर्षी मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा कर माफ झाला. २०२४ मध्ये समाविष्ट गावांमधल्या थकबाकीच्या वसुलीला राज्याने स्थगिती दिली. मग शहराला पैसा उभा करायला परवानगी देणं हाच झटपट मार्ग राहतो. इमारत उभी राहताना एकदाच रोख मिळते, आणि पाणी, ड्रेनेज, रस्ता यांचा खर्च पुढे चाळीस वर्षं चालतो. आमच्या गावांत तर त्याहून वाईट झालं. गावं महापालिकेत आली, पण नियोजन प्राधिकरण म्हणून पीएमआरडीएच (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) राहिली. परवानगीचे पैसे एकीकडे आणि पाण्याची जबाबदारी दुसरीकडे. बिल्डरने ‘पाण्याची सोय मी करीन’ असं हमीपत्र दिलं आणि ताबा देऊन तो मोकळा झाला.

भावाला मी कॅलिफोर्नियाचं उदाहरण दिलं, तेव्हा तो आणखी भडकला. पण ते उदाहरण मला रोज दिसतं. १९७८ च्या जूनमध्ये इथल्या लोकांनी मतदान करून प्रॉप १३ (प्रपोझिशन १३) हा मिळकतकराला मर्यादा घालणारा नियम आणला. घरावरचा मूळ कर खरेदीच्या किमतीच्या एक टक्का, आणि करासाठी धरलेली किंमत वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही. निवृत्त माणसांना वाढत्या करामुळे घर विकावं लागू नये, हा हेतू चांगलाच होता. परिणाम काय झाला? नवं घर म्हणजे गावाच्या तिजोरीला भार, आणि कॉस्टकोसारखं मोठं दुकान किंवा गाड्यांची शोरूम म्हणजे कमाई, कारण सेल्स टॅक्समधून विक्रीच्या रकमेचा एक टक्का गावाला मिळतो. म्हणून शोरूमला पायघड्या आणि अपार्टमेंटला नकार. राज्याला शेवटी आकडे ठरवून द्यावे लागले : २०२३ ते २०३१ या काळात सॅन फ्रान्सिस्कोभोवतीच्या बे एरियाने ४,४१,१७६ घरांची सोय करायची. जिथे नवी वसाहत होते तिथे रस्ते-गटारांसाठी मेलो-रूस नावाचा जादा कर नव्या माणसाच्याच माथी.

पुण्यात परवानगीतून रोख मिळते, म्हणून घरं होतात आणि पाणी येत नाही. इथे पाणी आहे, पण घरातून काही मिळत नाही म्हणून घरंच होत नाहीत. दोन्हीकडे मूळ एकच : आधी आलेल्यांना दरवर्षीचा कर नकोसा असतो. त्यांनी न भरलेला पैसा मागून येणाऱ्याकडून वसूल होतो. कधी डॉलरमध्ये, कधी टँकरच्या बिलात.

हे मी इतक्या ठामपणे लिहू शकते, कारण आधी आलेल्यांत मी आहे. आमचं टाउनहाउस आम्ही २०१० मध्ये सात लाख डॉलरला घेतलं. भिंतीपलीकडचं तसंच घर एका तरुण जोडप्याने २०२२ मध्ये सतरा लाखांना घेतलं. त्यांचा कर माझ्या जवळजवळ दुप्पट आहे. कचऱ्याचा ट्रक दोघांच्या दारात मंगळवारीच येतो. आणि २०१८ मध्ये स्टेशनजवळ चार मजली अपार्टमेंटचा प्रस्ताव आला, तेव्हा सिटी कौन्सिलच्या सभेत मी उठून विरोधात बोलले होते. ट्रॅफिक वाढेल, शाळेत जागा पुरणार नाही, असं दोन मिनिटं बोलले. त्या वर्षी माझ्या मुलीच्या बाई ट्रेसी या लांबच्या गावाहून पहाटे साडेचारला निघून शाळेत पोचायच्या. तो प्रकल्प झाला नाही. त्या सभेत मी जे बोलले त्याची मला आज लाज वाटते.

हे सगळं मी भावाला लिहिलं. त्याने एवढंच विचारलं, ‘ताई, तुझ्या फ्लॅटचा नळ तू शेवटचा कधी उघडलास?’

२०२३ च्या डिसेंबरमध्ये. अकरा दिवस. कर मी न चुकता भरते, मेंटेनन्सही भरते. ‘पुण्यात आपलं काहीतरी असावं’ म्हणून फ्लॅट घेतला होता आणि गेली कित्येक वर्षं तो कुलूपबंद आहे. आई होती तोवर दिवाळीला ती तिथे पणती लावून यायची. माझ्यासारख्यांच्या बंद घरांनी त्या रस्त्यावरच्या किमती वाढवल्या. त्याच किमतीत भावाने वीस वर्षांचं कर्ज काढलं आणि टँकरचं पाणी घेतलं.

पत्रावर मी अजूनही सही करणार नाही. पण फ्लॅटची किल्ली कुरियरने त्याच्याकडे पाठवली आहे. त्याच्या ऑफिसातलं एक जोडपं हडपसरहून रोज दीड तास ये-जा करतं, त्यांना तो दाखवायला मी सांगितलं. भाडं किती घ्यायचं ते त्यानेच ठरवावं. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.