चिंचपोकळीत दोन वेगळे ‘च’ आहेत

मुंबईत मराठी शिकणाऱ्याने विचारलं, “चहातला च वेगळा, चाळीतला वेगळा, हे ओळखायचं कसं?” की ठरलेलं उत्तर मिळतं: ऐकून ऐकून येईल. आळशी उत्तर आहे हे. चांगला नियम असताना लोकांना चाचपडायला का लावायचं?

भायखळ्यानंतरचं स्टेशन घ्या. चिंचपोकळी. पहिला च टाळूवरचा, दुसरा ‘त्स’सारखा. मराठी शब्दात च, ज, झ यांना इ, ई, ए किंवा य जोडला की उच्चार तालव्य, म्हणजे टाळूवरचा. अ, आ, उ, ओ असेल तर बहुतेक वेळा जीभ पुढे सरकते, दातांच्या मुळाशी. म्हणून ‘माझा’ म्हणताना ती पुढे असते आणि ‘माझी’, ‘माझ्या’ म्हणताना मागे. शिकणारे हमखास अडकतात ते इथे: छापलेलं ‘मुंबईचे पाणी’ तालव्य, पण बोलताना ‘मुंबईचं’ झालं की त्स. पुस्तकातून शिकलेला माणूस दोन्हीकडे एकच च लावतो.

त्स जमत नसेल तर ‘उत्सव’ सावकाश म्हणा, उ सोडा, उरलेल्या ‘त्स’ला ‘आळ’ जोडा. चाळ तयार. ज-झसाठी माझगावची इंग्रजी पाटी बघा, तिथे झेड आहे. चुनाभट्टीच्या नशिबी मात्र साधा सी-एच, कारण इंग्रजीत त्ससाठी एक अक्षरच नाही.

एकदा त्स जमला की माणसं ‘त्सहा’ आणि ‘त्सार’ही म्हणायला लागतात. चहा, चार, चौदा, चंद्र तालव्यच. संस्कृत आणि परक्या शब्दांत बऱ्याचदा असं होतं. बऱ्याचदाच, कारण ‘राजा’ संस्कृत असूनही त्यातला ज दातांकडचा. एवढे शब्द पाठच करावे लागतात. छ बिचारा सरळ, नेहमी तालव्य.

दातांकडच्या उच्चाराच्या अक्षराखाली नुक्ता (टिंब) द्या, अशी सूचना कुणीतरी करतंच. मला ती पटत नाही. खरोखर घोटाळा करणाऱ्या जोड्या थोड्या: जरा म्हणजे थोडं आणि जरा म्हणजे म्हातारपण, किंवा ‘जी जात नाही ती जात’. तिथे संदर्भ पुरतो. (झेरॉक्स नियमात बसत नाही. झेडला दुसरं अक्षर नाही म्हणून झ वापरला, इतकंच.)

सरावाला: चिंचपोकळीच्या चाळीत चार चिंचा. सात च, त्यातले चार तालव्य, तीन दातांकडचे.